आवाजाचं सोवळं

संगणकावर घडवलेला पखवाजाचा, वीणेचा किंवा तंबोऱ्याचा आवाज म्हणजे शुद्ध फसवणूक, असं मत हल्ली फार ठामपणे मांडलं जातं. पुण्यातल्या मैफलींच्या मध्यंतरात ते ऐकू येतं, कीर्तनाच्या मंडपामागे ऐकू येतं आणि आळंदीत तर त्यावर कुणाचं दुमत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. मताचा गाभा असा: चामडं, लाकूड, तार आणि भोपळा यांतून निघतो तो खरा आवाज, विजेतून निघतो तो खोटा. खऱ्यात जीव असतो, खोट्यात नसतो. खऱ्यामागे साधना असते, खोट्यामागे बटण. जो कुणी विजेतून चामड्यासारखा आवाज काढू पाहतो तो परंपरेचा अपमान करतो, वादकांच्या पोटावर पाय देतो आणि परदेशी खूळ माउलींच्या दारात आणून ठेवतो.

मी आळंदीत वाढलो. लहानपणी पखवाजावर हात बसवला, पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि आता सॉफ्टवेअरमधल्या मॉड्युलर सिंथेसायझरवर पखवाजाचे बोल उभे करण्याच्या मागे लागलो आहे. त्यामुळे हे मत मला येता-जाता ऐकवलं जातं, बहुतेक वेळा मी घडवलेला आवाज न ऐकताच. ते चुकीचं आहे एवढीच माझी तक्रार असती तर गप्प बसलो असतो. पण ज्या वाद्यांची कड घेऊन ते बोललं जातं, त्याच वाद्यांचं त्यातून नुकसान होतं आहे, म्हणून लिहायलाच हवं.

आधी ‘खरा आवाज’ म्हणजे काय ते पाहू. कार्तिकीच्या यात्रेत इंद्रायणीच्या घाटापासून प्रदक्षिणा मार्गापर्यंत एक फेरी मारा. थोड्या थोड्या अंतरावर मंडप, मंडपात कीर्तन. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना माईक, पेटीला माईक, बुवांसमोर माईक. सगळ्या वायरी मिक्सरमध्ये, तिथून ॲम्प्लिफायरमध्ये आणि तिथून भोंग्यांत. मिक्सरवर बसलेला मुलगा इकोचं बटण फिरवतो आणि बुवांचा शब्द मंडपभर घुमत राहतो. इकोत घडतं काय? आलेला आवाज यंत्र साठवून ठेवतं, थोड्या वेळाने जरा कमी करून परत सोडतं, पुन्हा साठवतं, पुन्हा सोडतं. बुवांनी शब्द एकदाच उच्चारला होता. त्यामागून आलेले सगळे यंत्राने उच्चारले. ते ऐकून कुणी मंडपातून उठून जातं का? भाविकांचे डोळे तेव्हाही भरून येतात आणि ते भरून येणं खरंच असतं. मग विजेतून आलेला आवाज खोटा, हा नियम मंडपाच्या दारात का थांबतो?

पेटीचंही तेच. तिच्याशिवाय आज भजन उभं राहत नाही. हे वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये जन्मलं, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता देऊन आपल्या बैठकीत बसवलं. ही पेटी परकी आहे, तिच्यात मींड नाही, तिचे स्वर आपले नाहीत, अशा तक्रारींपायी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. त्या तीस वर्षांत गोविंदराव टेंब्यांच्या या वाद्याला रेडिओवर जागा नव्हती. आज पेटीला परकी म्हणून पाहा, मृदंगाचार्यच तुम्हाला बाहेर काढतील. पेटीबद्दल जे बोललं गेलं तेच आज शब्द न बदलता सिंथेसायझरबद्दल बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांच्या शेजारीच पेटी ठेवलेली असते.

१९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन अख्ख्या देशाच्या कानात आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वरातीत बँडवाल्याने ती धून काढली की पोरं रुमाल तोंडात धरून डोलायला लागतात. ती बीन भोपळ्यातून निघालेली नाही. हेमंतकुमारांच्या त्या संगीतासाठी कल्याणजी शहा यांनी क्लॅव्हियोलाइन नावाच्या, व्हॉल्व्हवर चालणाऱ्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली. फ्रान्सच्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी केलेलं हे यंत्र एका वेळी एकच स्वर देतं. कल्याणजींनी बिनेचा कंप, तिचा नाकातला सूर आणि स्वरावर घसरत येण्याची तिची लकब इतकी बारकाईने टिपली की पुढे दोन पिढ्यांनी बीन म्हणजे हीच असं मानलं. याला फसवणूक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला त्यात एका माणसाचं प्रचंड ऐकणं दिसतं.

आता बटणाचा आरोप. ‘काय, बटण दाबलं की वाजतं’ असं म्हणणाऱ्याने एकदा माझ्या शेजारी बसावं. व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर २०१७ पासून मोफत मिळतं. त्यात मॉड्यूल म्हणजे सुटे भाग असतात: कंपन निर्माण करणारा, गाळणारा, विलंब लावणारा, आवाजाचा चढउतार ठरवणारा. ते पडद्यावरच्या वायरींनी जोडायचे. पखवाज नावाचं बटण त्यात नाही. पखवाजाचा उघडा ‘ता’ हवा असेल तर सुरुवात थापेपासून करावी लागते: काही मिलिसेकंदांचा खरखरीचा झटका. हा झटका रेझोनेटरांच्या रांगेला द्यायचा. एकेक रेझोनेटर म्हणजे पुडीच्या, ताणलेल्या चामड्याच्या, कंपनाची एकेक तऱ्हा. प्रश्न येतो तो आकड्यांचा. सगळीकडे सारख्या जाडीचं गोल चामडं ताणून बसवलं तर मूळ कंपनाला १ धरून पुढची कंपनं १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशी येतात. हे आकडे भरले की ढोल वाजतो. दणका मिळतो, पण पट्टी सापडत नाही. मग तेच आकडे ओढून १, २, ३, ४, ५ वर आणायचे. त्याच थापेतून आता स्वर उभा राहतो, इतका स्पष्ट की गाणाऱ्याने त्याला सा लावावा.

या दोन आवाजांमधलं अंतर म्हणजे शाई. लोखंडाची भुकटी आणि खळ घोटून, थरावर थर देत, दगडाने घासत आपल्या कारागिरांनी पुडीच्या मधोमध जो काळा गोल बसवला, त्याने चामड्याची बेसूर कंपनं खेचून सुरात आणली. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे जगापुढे ठेवलं आणि १९३० च्या दशकात पुडीवर वाळू पसरून तिच्या आकृत्या दाखवल्या: पहिली नऊ कंपनं पाच सुरेल गटांत येऊन बसतात. लहानपणी मी शाई रोज पाहत होतो, बोटांना तिचा काळा रंग लागत होता. पण शाई काय करते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. ते कानाला कळलं ते आकडे १.५९ वरून २ वर सरकवताना. वाद्याचा अपमान करणाऱ्याला वाद्य असं कळतं का?

धुमाची, म्हणजे डावी, बाजू तर याहून अवघड. कणीक थापली की पुडी जड होते, पट्टी खर्जात उतरते आणि वरची कंपनं लवकर विरतात. रॅकमध्ये नुसता आकडा खाली आणला तर मिळतो तो मेलेला घुमारा. प्रत्येक कंपनाची विरण्याची गती वेगळी ठेवावी लागते. जोराची थाप पडली की पुडी क्षणभर जास्त ताणली जाते, पट्टी किंचित चढून खाली येते, तेही त्यात घालावं लागतं. कीर्तन रंगत जातं तशी कणीक सुकते, आवाज चढतो आणि वादक मध्येच पाण्याचा हात फिरवतो. हे सगळं मांडायचं तर आधी ते ऐकलेलं असावं लागतं, आणि नीट ऐकलेलं असावं लागतं. ज्याला ‘बटण’ म्हणून उडवून लावलं जातं ते प्रत्यक्षात इतकं आहे.

तंबोऱ्याची गोष्ट घ्या. १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी तारेच्या आवाजाची एक विलक्षण साधी रीत प्रसिद्ध केली. दोनशे आकड्यांची एक माळ घ्यायची, तीत वेडेवाकडे आकडे भरायचे आणि ती सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या वेगाने गोल फिरवत राहायची. प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. खरखर हळूहळू निवळते आणि २२० हर्ट्‌झच्या आसपास एक छेडलेली तार ऐकू येते. तार खरी वाटते, पण ती गिटारची वाटते. तंबोरा तिच्यात नसतो. का नसतो याचं उत्तरही रामन यांनीच १९२१ मध्ये दिलं होतं. तंबोऱ्याची घोडी सपाट, किंचित उताराची असते. तार कंप पावताना तिच्या पाठीवर लोळते, उठते, पुन्हा लोळते. त्यामुळे सिद्धांताप्रमाणे जी कंपनं उमटायलाच नकोत तीही उमटतात. दोऱ्याची जागा केसभर सरकली की सगळा रंग बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये तारेची लांबी तिच्या हेलकाव्याबरोबर बदलती ठेवली तेव्हा कुठे तंबोऱ्याचा तो रंग, म्हणजे जवारी, बोलायला लागते. मिरजेचे कारागीर घोडी घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. संगणकावर बसलेला माणूस आकडा बदलतो, ऐकतो, पुन्हा बदलतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्या कारागिरांच्या कानाची खरी उंची मला या कामाने दाखवली.

हे आपल्यापुरतंच नाही. १९६० च्या दशकात ज्याँ-क्लोद रिसे अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये संगणकातून ट्रंपेट काढू पाहत होते. पुस्तकांत दिलेल्या मापांनी ट्रंपेट होईना. त्यांनी खऱ्या ट्रंपेटचा आवाज क्षणाक्षणाने उकलला तेव्हा दिसलं की वादक जोर वाढवतो तशी वरची कंपनं मूळ स्वरापेक्षा जास्त वाढतात. पितळेची झळाळी त्या वाढण्यात आहे. ट्रंपेट शतकानुशतकं वाजत होता, पण त्याचा हा स्वभाव उघड झाला तो त्याची प्रतिकृती फसली म्हणून.

मग ‘जीव नाही’ हा आक्षेप नेमका कशावर आहे? तीच थाप, तोच आवाज, शंभर वेळा जसाच्या तसा. ऐकणाऱ्याचा कान विटतो. ही तक्रार रास्त आहे. पण असा आवाज येतो कुठून? तो लूपमधून येतो, सॅम्पलमधून येतो. आणि लूप म्हणजे काय? एका खऱ्या वादकाने, खऱ्या पखवाजावर, खऱ्या चामड्यावर मारलेली थाप, एकदा रेकॉर्ड करून हजारदा चिकटवलेली. विजेवर बोट ठेवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. त्यांच्याच व्याख्येने हा आवाज शंभर टक्के अस्सल आहे, कारण तो चामड्यातून निघाला होता. आणि तोच निर्जीव आहे. याउलट रेझोनेटरांच्या रांगेला प्रत्येक थाप नव्याने द्यावी लागते. हात जड पडला तर आवाज जड येतो, कडेला पडला तर पातळ येतो, आधीचा घुमारा विरायच्या आत दुसरी थाप आली तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. वाद्याचा जीव या प्रतिसादात असतो. वाजवणाऱ्याच्या हाताला जे उत्तर देतं त्यात तो असतो, मग ते चामडं असो वा गणित.

पोटावर पाय देण्याचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यात माझ्या ओळखीच्या माणसांचं दुःख आहे. भजनाच्या रेकॉर्डिंगला पूर्वी पखवाजवाला बोलवावा लागायचा, आता बऱ्याच ठिकाणी बोलवत नाहीत. हे खरं आहे. पण त्याच्या जागी बसलंय काय? विकत किंवा फुकट मिळालेला लूप. ज्याचा तो ठेका आहे त्या वादकाचं नावही कुणाला ठाऊक नसतं आणि पुढच्या वापराचा एक रुपयाही बहुधा त्याच्यापर्यंत पोचत नाही. वादकाचं काम गेलं ते त्याच्याच एका भावाच्या नोंदवलेल्या हातामुळे आणि पैसे वाचवणाऱ्या निर्मात्यामुळे. सिंथेसायझरवर पखवाज घडवणाऱ्याला तर पखवाजवाला पावलोपावली लागतो: हा ‘दीं’ बरोबर आहे का, ‘धुमकिट’मध्ये डावा कुठे कमी पडतोय, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार?

आणि दिंडीत काय होणार याची भीती बाळगणाऱ्यांनी जरा दिंडी आठवावी. आषाढीसाठी पालखी निघते तेव्हा पखवाज गळ्यात अडकवून पंढरपूरपर्यंत चालावं लागतं. पावसात पुडी उतरते, वादी ओढावी लागते, गठ्ठे ठोकावे लागतात. टाळकऱ्यांच्या पावलांशी पखवाज जुळतो तो शेजारी चालणाऱ्या माणसाच्या हातातून. कुठलाही संगणक ती जागा मागत नाही. तो मागतो ती जागा वेगळी आहे. चाकणला शिफ्ट करून रात्री मोशीच्या किंवा चऱ्होलीच्या भाड्याच्या खोलीत परतलेल्या मुलाला तिथे पखवाज वाजवता येत नाही. भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं झोपलेलं असतं. त्याने कानाला हेडफोन लावून, रबरी पॅडवर हात ठेवून रियाज केला आणि त्याला घडवलेल्या पखवाजाने नीट उत्तर दिलं, तर परंपरेचं काय गेलं? एक हात जिवंत राहिला.

उरला परकेपणा. भारतातल्या पहिल्या काही मॉड्युलर सिंथेसायझरांपैकी एक, मूग कंपनीचा, १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभा केला आणि त्यामागे पुढाकार होता गीता साराभाई यांचा. या बाई कोण? पखवाज वाजवणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिथे जे काम केलं, त्याच्या टेप पॉल पुर्गास यांनी शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आपल्याकडे हे यंत्र आलं तेव्हा त्याच्या शेजारी पखवाज जाणणारे हात होते. त्या हातांना पखवाज आणि वायरी यांच्यात भांडण दिसलं नाही. पन्नास वर्षांनंतर ते आपण का उकरून काढतो आहोत?

परकेपणाच्या मागे खरं तर सोवळंच आहे. अमक्या देहातून आलेला आवाज शुद्ध, तमक्यातून आलेला अशुद्ध. हे इतर कुठे बोललं गेलं असतं तर मी समजून घेतलं असतं. आळंदीत ते बोलवतं कसं? संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना गावाने वाळीत टाकलं, शुद्धिपत्रासाठी ज्यांना पैठणला जावं लागलं, त्यांच्या समाधीच्या गावात आपण राहतो. पैठणच्या ब्रह्मवृंदाने वेद कुणाच्या मुखातून यावेत याचा नियम सांगितला तेव्हा माउलींनी रेड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वेद रेड्याच्या मुखातून आले. आपण ही कथा लेकरांना सांगतो, कीर्तनात रंगवतो, तिचं चित्र घरात लावतो. आवाज कुठल्या देहातून आला यावर त्याचं पावित्र्य ठरत नाही, हे त्या कथेत सांगितलेलं आहे. मग धातूच्या आणि सिलिकॉनच्या देहाला आपण पुन्हा पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभं का करतो?

या सोवळ्यामुळे काय गमावतो आहोत तेही पाहा. १९९१ मध्ये जपानी आणि अमेरिकी वाद्यउद्योगाने जनरल मिडी नावाचं मानक ठरवलं. जगभरच्या कीबोर्डांत कुठले १२८ आवाज कुठल्या क्रमांकावर असावेत, याची ती यादी आहे. तीत १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर शहनाई आहे. तंबोरा नाही. तबला नाही. पखवाज नाही. तालवाद्यांच्या वेगळ्या यादीतही नाही. आपल्या बँडवाल्यांनी, भजनी मंडळांनी, ऑर्केस्ट्रावाल्यांनी ती यादी मुकाट्याने विकत घेतली आणि तीत आपलं तालवाद्य नाही म्हणून परक्या ड्रमवर आपला ठेका बसवला. आपण आवाज घडवायला बसलो नाही, म्हणून दुसऱ्यांनी आपल्याविना यादी केली. पुढची यादी आत्ता तयार होते आहे, सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथेही वारकरी पखवाज कुणी ठेवणार नाही, आपण ठेवला नाही तर.

तो ठेवण्यासाठी जे लागतं ते सगळं या पाच-दहा कोसांत आहे. १९१७ पासून चालत आलेली जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था इथे आहे. महाराष्ट्रभरातून मुलं तिथे येतात आणि पखवाज आळंदीच्या गल्लोगल्ली शिकला जातो. पुड्या भरणारे, शाई घोटणारे, वादी ओढणारे हात इथे आहेत. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांत कंपन मोजणारी यंत्रं आहेत आणि ती चालवणारी आपलीच मुलं आहेत, जी रविवारी हरिपाठाला उभी असतात. एका पखवाजाच्या दोन्ही पुड्या मोजाव्यात, कणकेसह आणि कणकेविना. कोरड्या हवेत आणि आषाढाच्या ओलीत. थोरामोठ्या मृदंगाचार्यांच्या हाताखाली आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली. त्या मापांवरून बोलांचा नमुना घडवून तो सगळ्यांसाठी मोफत खुला करावा. ज्यांना विजेचा आवाज खोटा वाटतो त्यांनी तर पहिल्या दिवशी यावं आणि पुढच्या रांगेत बसावं. घडवलेल्या ‘धा’मध्ये अजून काय कमी आहे ते नेमकं सांगायला त्यांचेच कान लागणार आहेत.